ऑर्किडचा वास मी घेतलेला नाही

मे महिन्यात आमच्या अमळनेरला तैवान-चीनकडचा ऊलाँग चहा पारखायचा तर पहाटे साडेपाचलाच. सात वाजले की पत्रे तापतात, शेजारी लसणाची फोडणी पडते आणि नाक दिवसभरासाठी कामातून जातं. आदल्या रात्री भरीत बंद, शेवभाजी बंद. ओट्यावर तीन पांढऱ्या वाट्या मांडायच्या, सराफाच्या काट्यावर (जळगावहून आणलाय, सोनं तोलायचाच आहे) प्रत्येकी ३ ग्रॅम चहा तोलायचा, १५० मिली उकळतं पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं आणि ६ मिनिटं गप्प बसायचं. वाट्यांच्या बुडाला आकडे बायको चिकटवते. कुठल्या आकड्याला कुठला चहा हे फक्त तिला माहीत, आणि ती काही केल्या सांगत नाही.

तैवानमध्ये लुगू गावच्या शेतकरी संघाची डाँग डिंग चहाची मोठी स्पर्धा असते, तिथे गोळी चहा (पानं गोळीसारखी वळलेला) असाच पारखतात. ६ मिनिटं म्हणजे फार. प्यायला असा चहा कोणी करत नाही. पण तेवढ्या वेळात चहाची सगळी अंडीपिल्ली बाहेर येतात. चांगला असला तर एवढा वेळ मुरूनही फुलाचा वास शाबूत राहतो, नसला तर पालेभाजीचं पाणी.

पोटासाठी मी कापूस बघतो. जिनिंगला गाडी आली की मूठभर कापूस घ्यायचा, बोटांनी तार काढायची, धाग्याची लांबी २८ भरेल की २९ मिलिमीटर ते सांगायचं. ओलावा तळहाताला कळतो, कवडी (खराब कापूस) डोळ्याला दिसते. तीस वर्षं हेच चाललंय. नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी एकच सांगतो: गाडीचा वरचा थर बघू नका, कोपरापर्यंत हात आत घाला. वरती सगळे चांगलाच कापूस रचतात.

हे पोरांना सांगणारा मी, चहाच्या बाबतीत मात्र वरच्याच थराला भुललो.

झालं असं की चार वर्षांपूर्वी तैवानला नोकरीला असलेला भाचा अलीशानच्या चहाचं एक पाकीट घेऊन आला. "मामा, दूध नका घालू, साखर पण नको." मी म्हटलं, मग उरलं काय? गरम वाटीत त्या हिरव्या गोळ्या टाकून झाकण ठेवलं, क्षणभराने उघडलं, आणि नाकाशी जे आलं त्यानंतर मी दोन दिवस भाच्याला फोन करून त्याच त्याच गोष्टी विचारत होतो. चहात फुलं घातलीत का? नाही. अत्तर? नाही. मग?

मग हळूहळू वाचत गेलो. ऊलाँग म्हणजे अर्धवट आंबवलेला, हिरवा आणि काळा यांच्या मधला चहा. खुडलेलं पान उन्हात मलूल करतात, मग बांबूच्या सुपात झुलवतात, थांबतात, पुन्हा झुलवतात. पानाच्या कडा ठेचतात, तांबूस होतात. पान तुटलं तरी अजून जिवंत असतं आणि आपल्याला इजा होतेय एवढं त्याला कळतं. त्या मारापायी ते इंडोल, नेरोलिडॉल अशी द्रव्यं तयार करतं. मोगऱ्याच्या वासातही इंडोल आहे. म्हणजे फूल कुठेच नाही, मार खाल्लेल्या पानाचा तो वास. शेवटी तापलेल्या कढईत पान परतलं की ही क्रिया थांबते. कधी थांबवायची ते करणाऱ्याच्या नाकावर.

तैवानच्या ओरिएंटल ब्यूटी चहाचं वाचलं तेव्हा तर मी जिनिंगमध्ये मोठ्याने हसलो. त्या चहाला मधाचा वास येतो तो तुडतुड्यांमुळे! आमच्या कपाशीवरच्या तुडतुड्यांचेच भाऊबंद. आमच्याकडे ते दिसले की शेतकरी फवारणीचा पंप पाठीला लावतो, तिकडे शेतकरी वाट बघतो की कधी येऊन पान चावतील, आणि त्यासाठी फवारणीच करत नाही. हे मी एका शेतकऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आप्पा, तुमना चहामा काही मिसळेल से का?"

तर फसवणूक. ऑनलाइन एकाकडून जिन श्वान मागवला. हा तैवानच्या संशोधन केंद्राने काढलेला १२ नंबरचा वाण, १९८१चा, त्याला अंगचाच दुधाळ, सायीसारखा मंद वास असतो. ५० ग्रॅमला चौदाशे रुपये, म्हणजे साधारण वीस किलो कापूस. पाकीट फोडलं तर घरभर बासुंदी. मी वहीत २० पैकी १९ मार्क टाकले, भाच्याला फोटो पाठवला, भिशीच्या मित्रांना पाजला. आठवड्याने त्याच पानांवर दुसरं पाणी, तिसरं पाणी ओतून बघितलं तर हातात नुसतं कोमट गवत. सगळा वास पाकिटाला आणि पहिल्या वाटीला. वरून लावलेला. कोपरापर्यंत हात घातलाच नव्हता ना मी. विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं की सर, पाणी चुकीचं असेल.

पाण्याचं म्हणाल तर ते वेगळं दुखणं आहे. आमच्या बोअरच्या जड पाण्यात तैवानच्या लीशान डोंगरावरचा चहासुद्धा मुका होतो, वर तवंग येतो. लीशानच्या वरच्या बागा कळसूबाईपेक्षा उंचावर आहेत, तिथून इथवर येऊन बिचाऱ्याचं हे व्हावं. नुसत्या आरओच्या पाण्यात पोकळ लागतो. म्हणून तीन भाग आरओ, एक भाग नळाचं. पण त्या जिन श्वानला पाण्याने मारलं नव्हतं.

तेव्हापासून नियम केला. आधी ६ मिनिटांची वाटी, आणि जो पास होईल त्याला चिनी पद्धतीने झाकणवाटीत पुन्हा: ११० मिलीला ५ ग्रॅम, तीन पाणी, २, ३ आणि ५ मिनिटं. तिसऱ्या पाण्यावर निकाल. मग भिजलेलं पान ताटलीत उलगडायचं. देठासकट अख्खं पान आहे का, कडा तांबूस आहेत का, की नुसता चुरा. हे मला जमतं, हा कापूसच आहे.

जमत नव्हतं ते वासाला नाव देणं. सगळीकडे लिहिलेलं असतं, ऑर्किडचा सुगंध. ऑर्किड मी बघितलंय फक्त मंगल कार्यालयाच्या स्टेजवर, जांभळं, आणि त्याला कसलाच वास नव्हता. तरी मी दोन वर्षं वहीत 'ऑर्किड' लिहीत होतो. एकदा माय ओट्याशी आली. तिचं वय ८१, डोळ्यांना कमी दिसतं, पण आयुष्यभर वाड्यातल्या बायकांना गजरे करून दिलेत तिने. तिने झाकण हुंगलं आणि म्हणाली, "हाऊ अनंत से." डब्यावर नाव होतं ह्वांग झी शियांग, चीनमधल्या ग्वांगदोंगच्या फिनिक्स डोंगरावरचा दानत्सोंग ऊलाँग, आणि खाली इंग्रजीत गार्डेनिया. नर्सरीवाल्याला विचारलं. गार्डेनिया म्हणजे आपला अनंतच.

त्या दिवशी मी वहीतली सगळी 'ऑर्किडं' खोडली. जे फूल हुंगलं नाही त्याचं नाव लिहायचं नाही. आता माझ्या रकान्यांत अनंत आहे, कवठी चाफा आहे, रातराणी आहे (लांबून, जवळून नाही), कडुनिंबाचा मोहोर आहे. बाओझोंग या तैवानच्या ऊलाँगला मी नेहमी कडुनिंबाचा मोहोर लिहितो, चैत्रात पहाटे अंगणात येतो तसा. एका टिएग्वानयिनला (हा चीनचा ऊलाँग) माय "शिया गजरा" म्हणाली, म्हणजे रात्रभर डब्यात राहिलेला शिळा मोगरा. मला आधी ती निंदा वाटली. नंतर कळलं की इंडोल थोडं असलं की मोगरा, जास्त झालं की घाण. मायला शाळा चौथीपर्यंतची, पण अर्धा मार्क कमी करायला लावला ते बरोबरच होतं. दानत्सोंगमधल्या एका चहाचं नाव 'बदकाच्या विष्ठेचा सुगंध' आहे, लोकांनी रोपं चोरू नयेत म्हणून मुद्दाम ठेवलं असं सांगतात. तिला हे सांगितल्यापासून ती प्रत्येक वाटीला आधी तोच प्रश्न विचारते.

गेल्या रविवारी तीन वाट्या होत्या. एक नंबरला धुराचा चटका लागलेला, भाजणी बिघडलेली. दोन नंबर छान, कवठी चाफा, पण तिसऱ्या पाण्याला विरला. तीन नंबरला मी अडलो. गोड, जड, थोडा मधासारखा, थोडा ओल्या कातड्यासारखा, आणि तिसऱ्या पाण्याला पहिल्यापेक्षा भरलेला. २० पैकी १७ देऊन टाकले, पण नाव सुचेना. चमचा मायच्या नाकाशी नेला. तिने डोळे मिटले, बराच वेळ काही बोलली नाही.

"हाई मोहनं फूल से."

तिचं माहेर तळोद्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याशी. लहानपणी पहाटे टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला जायच्या म्हणे सगळ्या. बायकोने वाटी उलटी केली. ३ नंबर म्हणजे 'मी लान शियांग' नावाचा दानत्सोंग, शब्दशः मध-ऑर्किडचा सुगंध.

मायचा शब्द खोटा असेल असं मला वाटत नाही. पण मोहाचं ताजं फूल मी कधी हुंगलेलं नाही आणि नियम माझाच आहे. यंदाचा मोह तर झडून गेला. भाच्याला सांगितलंय की त्या चहाचे २० ग्रॅम मी फॉइलमध्ये बांधून फ्रीजमध्ये ठेवतोय, फाल्गुनात मायला घेऊन तळोद्याला जायचंय. वहीत तेवढा रकाना कोरा आहे.