हरिहरेश्वरच्या कातळाचा क्षेत्रअभ्यास : माझा अनुभव

भूगोलाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील क्षेत्रअभ्यासासाठी मी श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरचे भूशिर, म्हणजे समुद्रात घुसलेले जमिनीचे टोक, निवडले, कारण समुद्रकडा, तरंगघर्षित मंच (लाटांनी घासून सपाट झालेला कातळ) आणि रांजणखळगे (कातळात कोरले गेलेले गोल खड्डे) ही सारी भूरूपे तिथे एकाच प्रदक्षिणेच्या वाटेवर पाहायला मिळतात.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो दिवस ठरवताना. कोकणात तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येत असली तरी भांगामुळे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असल्यामुळे, पाणी फारसे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येला ते खूप मागे जाते, पण ओहोटी भल्या पहाटे किंवा तिन्हीसांजेला येते. म्हणून मी तृतीया निवडली, कारण तेव्हा उधाणाचा, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीचा, जोर टिकून असतो आणि सकाळी आठ-सव्वाआठला मंच उघडा पडतो. वेळापत्रकाशी ही वेळ पडताळून घेतली होती. पाणी उतरत असताना खाली जावे आणि ते वळले की लगेच वर यावे, हे प्रत्येकाने पाळलेच पाहिजे. या वाटेवर लाटांनी माणसे ओढून नेलेली आहेत.

इथला खडक बेसॉल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि पाठ्यपुस्तकात तो ‘कठीण’ या रकान्यात बसतो. प्रत्यक्षात तो सर्वत्र सारखा कठीण नाही. देवस्थानचा परिसर असल्याने तुकडे न पाडता मी हातोडीने केवळ हलके ठोकून पाहत होतो. घट्ट, बारीक कणांच्या थरावर खणखणीत आवाज येई. जिथे वायूच्या पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या होत्या आणि खडक कुजलेला होता, तिथे आवाज बद्द येई आणि नखानेही भुगा निघे. होकायंत्राने भेगांच्या दिशा नोंदवल्या, तेव्हा आत शिरलेल्या घळी त्याच दिशांनी गेलेल्या आढळल्या. लाट भेगेत हवा दाबते, सुटे झालेले तुकडे ओढून नेते आणि तेच गोटे पुढे कातळ घासतात. तुषारांच्या पट्ट्यात क्षारांचे स्फटिक वाढून खडकाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली आहे. दोन खळग्यांमधल्या भिंती काही ठिकाणी बोटाहूनही पातळ उरल्या आहेत.

मार्गदर्शक सरांनी अहवालातील ‘कठीण’ आणि ‘मृदू’ हे रकाने काढून थर, भेगा आणि कुजण्याचे प्रमाण असे वर्गीकरण करायला सांगितले, आणि मला ते पूर्णपणे पटले. लाटा वळून भूशिरावरच एकवटतात, त्यामुळे खडकाच्या कठीणपणातला तेवढा फरकही किनाऱ्याचा आकार ठरवायला पुरतो.

तोंडी परीक्षेत रत्नागिरीच्या जांभ्याचे (तांबड्या, सच्छिद्र खडकाचे) कडे कसे कोसळतात, असे विचारले गेले. वरचा जांभा टणक असला तरी त्याखालचा चिकणमातीसारखा मऊ थर लाटा आणि झिरपणारे पाणी आधी पोखरतात, त्यामुळे आधार सुटून वरचे मोठमोठे ठोकळे कोसळतात, असे उत्तर मी कड्याच्या उभ्या छेदाची आकृती काढून दिले.