काटा खाली आला म्हणून मी खूश झालो

गेल्या वर्षी मे महिन्यात चिपळूणहून परत येत होतो. गाडीत घरची पाच माणसं, मागं आंब्याच्या आठ पेट्या. गाडी १९९७ सालची, डिझेल, फोर बाय फोर, एसीचा प्रश्नच नाही. पोफळी सोडून कुंभार्ली घाटाला लागलो तसा टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर सरकला. दोन वळणं गेल्यावर बघतो तर काटा खाली. अर्ध्याच्याही खाली. मागं वळून ऐटीत म्हणालो, "बघा, झाली थंड."

पुढच्या चढाला इंजिनानं दम सोडला. बॉनेटमधून रिकामा तवा गॅसवर विसरल्यासारखा वास आला.

वॉटर पंपाजवळचा बोटभर लांबीचा होज फाटला होता आणि पाणी घाटात सांडून गेलं होतं. इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, त्याच्या खालची गॅस्केट गेली, हेड वाकलं, मशीनवर फेसिंग करून सपाट करावं लागलं. गाडी ओढून आणायचं टोचन धरून ३१ हजार. आंबे मात्र शाबूत पोचले.

मिस्त्रींनी खोललेलं हेड दाखवत एकच विचारलं, "अण्णा, दुसऱ्याच्या मोटरीला ड्राय रनचा गार्ड विकता. स्वतःच्या गाडीला काय?"

हे लागलं. माझं कराडात मोटर रिवाइंडिंगचं दुकान. कृष्णाकाठच्या उसाला पाणी देणाऱ्या मोटरी जळून माझ्याकडे येतात. पाणी तुटलं की पंप कोरडा फिरतो, म्हणून अशा वेळी मोटर बंद करणारा गार्ड पॅनेलमध्ये घाला, हे मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवतोय. आणि गाडीचा काटा ज्या सेन्सरवर चालतो त्याचं टोक पाण्यात बुडालेलं असतं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पाणी आहे तोवर तो खरं सांगतो. पाणी गेलं की टोक उघडं पडतं. हेड तापत राहतं आणि काटा निवांत खाली येतो. तो पाण्याचा काटा आहे, इंजिनाचा नाही.

म्हणून हेडच्या धातूला चिकटून बसणारा सेन्सर हवा होता. तयार किट मिळतात, पण माझ्या दुकानात निम्मा माल पडून होता. अंडी उबवायच्या पेटीत घालतात ते १२ व्होल्टचं छोटं टेंपरेचर बोर्ड घेतलं. त्याचा सेन्सर म्हणजे मुगाच्या डाळीएवढा थर्मिस्टर. पंचवीस अंशांना त्याचा रेझिस्टन्स दहा हजार ओहम असतो आणि पाणी उकळेपर्यंत हजाराच्याही खाली येतो. वायरीच्या टोकाला बोल्टसाठी भोकाचं तांब्याचं थिंबल लावतात, त्याच्या नळीत हा मणी बसवला आणि लाल गॅस्केट सिलिकॉन भरून एक दिवस वाळू दिला. साधं इपॉक्सी वापरू नका, गरमीत मऊ पडतं.

मग पातेल्यात पाणी उकळून तपासलं. आकडा ९८ वर थांबला. दोन अंश कमी! मी बोर्डातलं करेक्शन बदलायला लागलो, तर नववीतली मुलगी म्हणाली, "बाबा, कराड काय समुद्रावर आहे का?" बरोबरच होतं. आपण साडेपाचशे मीटरच्या वर राहतो, इथं पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. करेक्शन शून्यावर राहिलं. ते चहाचं पातेलं मात्र बायकोनं परत घरात घेतलेलं नाही.

बसवायची जागा शोधण्यात निम्मा रविवार गेला. हेडचा मुख्य बोल्ट सैल करायचा नाही, हे मिस्त्रींनी दोनदा बजावलं. तो ठरावीक ताकदीनं आवळलेला असतो. शेवटी इंजिन उचलायचा हुक ज्या बोल्टनं हेडला लावलेला असतो तो सापडला. तेरा नंबरचा पाना, दहा मिनिटांचं काम. हुकाखाली हेडची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत केली, थिंबल हेडला टेकवलं आणि त्यावर हुक. वायरीवर रिवाइंडिंगची फायबर ग्लासची स्लीव्ह घातली आणि ती धूर बाहेर नेणाऱ्या गरम मॅनिफोल्डपासून लांबून फिरवून क्लचच्या रबरी ग्रोमेटमधून आत घेतली. सप्लाय इग्निशनवरून, मध्ये फ्यूज. बझर स्टिअरिंगखाली.

पहिल्याच रात्री गंमत. हेडलाइट लावली की आकडा चार अंशांनी हलायचा. थर्मिस्टरची एक तार थिंबलला आतून टेकत होती, म्हणजे इंजिनाच्या अर्थशी जोडली गेली होती. लाइटचा करंट वाढला की त्या अर्थमध्ये जो थोडा फरक पडतो तो आकड्यात यायचा. थिंबल पुन्हा काढलं, दोन्ही तारांवर बारीक स्लीव्ह घालून नवं भरलं. हा माझाच आळस, रिवाइंडिंगवाल्यानं करू नये असा.

अलार्म किती अंशांवर लावायचा, यावर मिस्त्रींशी वाद झाला. ते म्हणाले शंभर. मी आधी महिनाभर नुसता आकडा बघितला. सातारा हायवेला ८६-८८. तोच कुंभार्ली, तेवढाच भरणा, ९७. रेडिएटरच्या कॅपच्या दाबाखाली कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ११५ पर्यंत तरी उकळत नाही, त्यामुळं शंभरला घाबरण्यात अर्थ नव्हता. आपल्या गाडीच्या सर्वांत जास्त आकड्यावर आठ-दहा अंश, असा हिशोब धरून १०५ लावला. फार खाली लावला तर तो रोज ओरडतो आणि मग माणूस वायर काढून टाकतो. पॅनेलमध्ये जंपरची वायर मारून बाद केलेले गार्ड मी कमी बघितलेत का?

तरी एकदा उगाच ओरडला. घाट चढून हेळवाकला चहाला थांबलो, इंजिन बंद केलं, पण किल्ली चालूवरच राहिली. पाणी फिरायचं थांबलं की हेडमधली उष्णता जागच्या जागी साठते आणि आकडा थोडा वेळ चढतो. टपरीवरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. आता चढ संपल्यावर दोन मिनिटं आयडलिंगला ठेवतो, मग बंद.

खरा अलार्म या एप्रिलमध्ये पाटणच्या अलीकडे वाजला. काटा अर्ध्यावरच, शांत. यावेळी त्याच्याकडे बघितलंही नाही. गाडी बाजूला घेतली आणि लगेच बंद केली. खालच्या होजची क्लिप सैल होऊन हिरवं कुलंट ठिबकत होतं, निम्म्याहून जास्त गेलं होतं. पाऊण तास झाडाखाली बसलो, क्लिप आवळली, कॅपवर फडकं धरून हळूहळू उघडली, पाणी घातलं आणि घरी आलो.

एक राहिलंय. बोर्डाचे लाल आकडे रात्री काचेत उमटतात आणि समोरून ट्रक आल्यासारखं वाटतं. सध्या त्यावर इन्सुलेशन टेपचा तुकडा लावलाय.