पाच रुपयांची जुडी

आमच्या चौथीच्या मुलांनी आठवडा बाजारात लाल माठ विकला, त्याला तीन आठवडे झाले. विषय अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मी सिंधुदुर्गातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळेमागे आमची परसबाग आहे. तुळशीचं लग्न झालं की आम्ही वाफे धरतो. जमीन जांभ्याची. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलते आणि डिसेंबरात तिच्यात ओल राहत नाही. शेणखत भरपूर घालावं लागतं. माठाचं बी खसखशीसारखं बारीक, मुठीने फेकलं की एकाच जागी दाट उगवतं. म्हणून ते चाळलेल्या वाळूत मिसळायचं. मुंग्या बी उचलून नेतात, त्यांच्यासाठी वाफ्याच्या कडेने तांदळाची कणी टाकायची, म्हणजे त्या कणीत गुंततात. अंकुर दिसेपर्यंत वरून झावळं. दोन बोटांएवढी रोपं झाली की विरळणी. हे सगळं आता माझी मुलं मला न विचारता करतात. अठ्ठाविसाव्या दिवशी चार वाफ्यांतून मुळासकट 40 जुड्या निघाल्या, केळीच्या सोपटाने बांधलेल्या. इतका एकसारखा माठ मी बाजारातही क्वचितच पाहिला आहे.

भाव मुलांनीच गणिताच्या तासाला काढला. बियाणं आणि बाकी खर्च मिळून 120 रुपये, म्हणजे जुडीला तीन. वर नफा दोन. फळ्यावर पाच लिहिलं आणि मीच त्याखाली शाबास लिहिलं.

बाजारात आम्हाला जागा मिळाली ती एका आजीच्या शेजारी. तिच्यापुढेही लाल माठच होता, आणि दहा रुपये जुडी. बसायच्या जागेची पट्टी घेणाऱ्याने तिची पावती फाडली, आमची सोडली, शाळेची पोरं म्हणून. मग गर्दी झाली ती आमच्याकडे. आजीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी माणसं मुलांना दहाची नोट देऊन ‘राहू दे’ म्हणत होती. वरून आलेल्या साहेबांनी फोटो काढले, आजीकडे पाठ करून. मला तो फोटो आता बघवत नाही.

तिसाव्या जुडीला आजी मला म्हणाली, "बाईनू, तुमची पोरां गोड हत. पण पाच रुपयाक दिल्यानी तर माजी धा रुपयाची कोण घेतलो?"

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी भाव दहा करायला सांगितला. मुलं गोंधळली, गिऱ्हाईकं कुरकुरून निघून गेली. शेवटी माझ्याने राहवलं नाही, तिच्या उरलेल्या सगळ्या जुड्या मी घ्यायला गेले. ती म्हणाली, "खाऊक व्हया तर दोन घ्या. दया म्हणान नको." बाकीच्या तिने उन्हं चढल्यावर एका खानावळवाल्याला पाचाने दिल्या. आमच्या भावाने.

परतताना टेम्पोत एका मुलीने विचारलं, "बाई, आजी पाणी विहिरीतसून काढता ना? ता आपण धरूक नाय."

सोमवारी हिशेब पुन्हा मांडला. पाणी, विरळणी, खुरपणी मिळून रोजचा एक तास, 28 दिवसांचे 28 तास. आठ तासांचा एक रोज, म्हणजे साडेतीन रोज. 2025-26 चा रोजगार हमीचा दर 312 रुपये. मजुरी झाली 1092. जुडीला सत्तावीस रुपये, वर बियाण्याचे तीन. तीस! वर्ग गप्प झाला. आजी दहाला विकते आणि आपण तिलाही महाग म्हणतो.

एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, कार्यक्रम छान झालाय, उगाच वाढवू नका. मला हे पटत नाही. स्थानिक माल घ्या, गावचा पैसा गावात राहू दे, असं मी मुलांकडून परिपाठाला वदवून घेते. आणि शाळेचीच पोषण आहाराची वही उघडली तर काय दिसतं? तांदूळ, कडधान्य वरून येतं, भाजी मात्र आम्हीच घेतो. परसबाग पुरत नाही तेव्हा नाक्यावरच्या दुकानातून कोबी आणि टोमॅटो येतात, आंबोली घाटातून आलेले, बेळगावचे. वर्षानुवर्षं त्या वहीवर माझीही सही आहे.

गेल्या आठवड्यात आजीच्या वाडीत जाऊन विचारलं, गुरुवारी शाळेला 15 जुड्या द्याल का, दहाच्याच भावाने. ती तयार आहे, पण पैसे हातात हवेत. आमचं भाजीचं अनुदान महिनोन्‌महिने येत नाही. दुकानदार उधारीवर थांबतो, तिला थांबणं परवडत नाही. शिवाय मुख्याध्यापकांना पावती लागते आणि तिच्याकडे पावतीपुस्तक कुठून असणार? या गुरुवारी मी माझ्या पर्समधून दीडशे दिले. मुलांनी जुड्या मोजून घेतल्या आणि वहीत तिचं नाव लिहिलं. पुढच्या गुरुवारचे कुठून द्यायचे, ते अजून ठरलेलं नाही.