फॉस्फेट शून्य झालं आणि नडलं

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात ७५ गॅलनची, म्हणजे साधारण २८४ लिटरची, रीफ टाकी आहे, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे आणि कोरल (प्रवाळ) यांची. पहिलं वर्ष छान गेलं. मागच्या हिवाळ्यात दगडांवर हिरवं, केसांसारखं शेवाळ धरायला लागलं. टूथब्रशनं घासून काढावं, तर आठवड्यात पुन्हा तेवढंच. मॉन्टिपोरा कोरलचा रंगही तपकिरी पडला.

शेवाळ पोसतात ती मुख्यतः नायट्रेट आणि फॉस्फेट. नायट्रेट ठीक होतं, म्हणून फॉस्फेट मोजायला हॅना कंपनीचा चेकर, म्हणजे छोटं मोजयंत्र, आणलं. मी घेतलेला चेकर फॉस्फरस दाखवतो, तोही पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग), ३.०६६ ने गुणून हजारानं भागलं की पीपीएममध्ये (दशलक्षात किती भाग) फॉस्फेट मिळतं. माझा आकडा १२४, म्हणजे ०.३८ पीपीएम. रीफवाले ०.०३ ते ०.१ च्या आसपास ठेवतात. या चेकरचे नखरे फार. कुपीच्या काचेवर बोटाचा ठसा नको, बुडबुडा नको, पुडीतली पूड कणभरही मागे राहायला नको. पहिल्या रविवारी तीनदा मोजलं आणि तीन वेगळे आकडे आले.

पहिला संशय पाण्यावर. शिशाच्या जुन्या पाइपांतून शिसं उतरू नये म्हणून अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी नळाच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट मुद्दाम घालतात. आमच्या शेजारच्या नेवार्कनं २०१९ मध्ये सुरू केलं. पण मी टाकीत आरओडीआयचं, म्हणजे क्षार काढून शुद्ध केलेलं, पाणी घालतो. ते तपासलं, शून्य निघालं.

दुसरा संशय खाण्यावर. माशांना घालायच्या गोठवलेल्या मायसिसची (कोळंबीसारख्या बारीक जिवांची) वडी चहाच्या गाळणीत धरून धुवायला लागलो. तेव्हा आई साताऱ्याहून आली होती. दोन दिवस बघून म्हणाली, "अरे, माशांचं जेवण तीन पाण्यांनी धुतोस, आणि आम्हाला चहा याच गाळणीतून?" गाळणी वेगळी झाली, फॉस्फेट होतं तिथंच राहिलं. खरं तर धुऊन जातं ते किरकोळच. फॉस्फरस त्या जिवांच्या अंगातच असतो. मासे खाणार म्हटल्यावर तो टाकीत येणारच.

मग जीएफओ आणलं. लोहाच्या ऑक्साइडचे हे दाणे फॉस्फेट धरून ठेवतात. तांदूळ धुवावेत तसे धुवायचे. गेरूसारखं लाल पाणी निघतं, सिंकला डाग पडतात ते वेगळेच. पाकिटावर लिहिलं होतं त्याच्या दुप्पट घातलं. घाई, दुसरं काय! दहा दिवसांत चेकरवर शून्य. मी त्याचा फोटोसुद्धा काढून ठेवला.

त्याच आठवड्यात बर्ड्सनेस्ट या फांद्यांच्या कोरलची टोकं पांढरी पडली, दोन फांद्यांची कातडी सुटली. शेवाळ गेलं खरं, पण वाळूवर तपकिरी, शेंबडासारखे चिकट धागे आले, वर बुडबुडे. दुपारी भरपूर, सकाळी जवळजवळ गायब. गोगलगायी उलट्या पडायला लागल्या. मुलीच्या शाळेच्या मायक्रोस्कोपखाली थेंब ठेवला, तर थेंबाच्या आकाराचे जीव दोरीला बांधल्यासारखे एकाच जागी फिरत होते. डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव, त्यातही ऑस्ट्रिओप्सिस हा प्रकार. फॉस्फेट-नायट्रेट तळाला गेलं की शेवाळ आणि इतर सूक्ष्मजीव उपाशी मरतात आणि यांना रान मोकळं मिळतं. कोरलच्या आतल्या शेवाळालाही फॉस्फेट लागतं, हे मला माहीत होतं. शून्य बघण्याच्या नादात विसरलो.

जीएफओ काढलं. रात्री हे जीव पाण्यात सुटतात, म्हणून तेव्हा त्यांना मारायला यूव्ही दिवा लावला. आणि फॉस्फेट थोडं वाढवायला चक्क सोडियम फॉस्फेटची बाटली विकत घेतली. बायको बिल बघून फक्त हसली.

हिशेबानं दोन दिवसांत ०.०५ वाढायला हवं होतं. वाढलं ०.१९! वाटलं, मापात चुकलो. बाटली बंद केली, तरी चार दिवसांत ०.२७. तेव्हा ट्यूब पेटली. सुरुवातीला मी एका मोडलेल्या टाकीचे दगड स्वस्तात घेतले होते. नारळाएवढा एक तुकडा काढला, बादलीत ताज्या खाऱ्या पाण्यात छोटा पंप लावून ठेवला. पाणी शून्याचं होतं, पाचव्या दिवशी ०.४१. अरागोनाइटचा (कॅल्शियम कार्बोनेटचा) असा दगड वर्षानुवर्षं फॉस्फेट शोषतो आणि पाण्यातलं कमी झालं की परत सोडतो. म्हणजे मी पाणी साफ करत होतो आणि दगड मागून भरत होते.

डायनो जायला सहा आठवडे लागले. त्यानंतरच जीएफओ पुन्हा घातलं, पाकिटावरच्या मापाच्या पाव. दर रविवारी फॉस्फेटसोबत अल्कलिनिटीही (कोरलच्या सांगाड्याला लागणारं पाण्यातलं कार्बोनेट) मोजली, कारण जीएफओ तीही थोडी खाली ओढतं. आठवड्याला ०.०२ उतरलं की खूश. जास्त उतरलं तर पिशवीतले दाणे कमी. सम्पमध्ये, म्हणजे टाकीला जोडलेल्या खालच्या छोट्या टाकीत, कीटोमॉर्फा या शेवाळाचा गुंता टाकला आणि त्याचा दिवा रात्री लावतो. महिन्यातून एकदा मूठभर काढून फेकला की तेवढं फॉस्फेट घराबाहेर जातं. फॉस्फेट उतरवायला लँथॅनम क्लोराइड या रसायनाचा सल्लाही मिळाला होता. झटपट उतरतं म्हणे. झटपट ऐकूनच नको म्हटलं.

पाच महिने गेले. बर्ड्सनेस्टचा खालचा बुंधा वाचला होता, त्यातून गुलाबी टोकं फुटली आहेत. काचेवर हिरवी पुट चढते, ती दोन दिवसांनी पुसतो. काल चेकरवर २६ आला, म्हणजे ०.०८. पिशवी बदलली नाही.