७४ पावलं

गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावात मी कासवमित्र आहे. नोव्हेंबर ते मार्च रोज पहाटे पुळणीवर फेरी मारायची, ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचा माग दिसला की घरटं शोधायचं आणि अंडी हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या राखलेल्या जागेत, हलवायची. कोल्हे आधी पोचले तर नुसती टरफलं उरतात.

फेब्रुवारीची अमावास्या दोन दिवसांवर होती. बरोबर नेहमीचे काका. माग ताजा, दोन फूट रुंद, दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारख्या पायांच्या खुणा एकाआड एक. सरळ वर गेला आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या दगडांना टेकला. तिथून मादी बंधाऱ्याच्या कडेकडेनं चाललेली. मी पावलं मोजली, ७४. मध्ये दोनदा उकरून पाहिलेलं, दोन्हीकडे खाली दगडच. शेवटी भरतीच्या रेषेखाली, ओल्या वाळूत तिनं अंडी घातली होती. उधाणाचं पाणी घरट्यात साचलं की अंडी गुदमरतात. कवचातून त्यांनाही हवा लागते.

कोपरापर्यंत हात गेल्यावर पहिलं अंडं लागलं. पिंगपाँगच्या चेंडूएवढं, पण चिकट आणि मऊ, बोटानं दाबलं तर खळगा पडेल असं. घरटं सुरईसारखं, वर गळा, खाली पोट. एकेक काढायचं, जसं आहे तसंच, न फिरवता. काही तासांत गर्भ आतून कवचाला चिकटतो, मग अंडं उलटलं की संपलं. ११८ भरली.

मादी आपण जन्मलो त्याच भागात अंडी घालायला परतते, आणि वयात यायला तिला दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे ही जन्मली तेव्हा इथं बहुधा नुसती पुळण होती.

आणि बंधाऱ्यामागं आहे आमचीच वाडी. एका पावसाळ्यात समुद्रानं नऊ माड नेले, तेव्हा बंधाऱ्याच्या अर्जावर पहिली सही बाबांची होती, दुसरी माझी. काका बादली उचलत म्हणाले, "तुझ्या माडांपायी चालली हो बिचारी एवढी." गमतीतच म्हणाले. मला काही उत्तर सुचलं नाही. माड परत समुद्रात जावेत असंही वाटत नाही.

५३ दिवसांनी ८१ पिल्लं निघाली. सोडायच्या संध्याकाळी निम्मं गाव आलं होतं. बाबा, काका, पोरंबाळं सगळी बंधाऱ्यावर ओळीनं बसली होती. बसायला तीच जागा सोयीची आहे.