रंगकामाची शिडी लावताना

दिवाळीआधी बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या जुन्या घरांवर रंगारी चढतात. शिडी मोडण्यापेक्षा तिचा पाय सरकूनच जास्त घात होतो. फार तिरकी लावली की वजनाने खालचं टोक बाहेर जातं. लादी गुळगुळीत आणि शिडीच्या पायाचे रबरी बूट झिजलेले, मग अडवणार कोण? फार उभी लावली तर माणूस शिडीसकट मागे येतो. शिडी भिंतीला 4 मीटर उंचीवर टेकत असेल तर पाय भिंतीपासून 1 मीटर लांब हवा. अरुंद गल्लीत स्कूटरवाल्यांना वाट मिळावी म्हणून शिडी फार उभी लावतात, ते अजिबात नको. त्यापेक्षा तासभर गल्ली अडवा, बोलणी खा.

गच्चीवर उतरायचं तर शिडी कठड्यावर 1 मीटर जायला हवी, वरचं टोक दोरीने बांधलेलं. बांधेपर्यंत खाली एकाने धरावी (मोबाइल खिशात ठेवून). रंगाचा डबा हातात घेऊन चढू नये, नंतर दोरीने ओढावा. चढता-उतरता दोन हात, दोन पाय यांपैकी तीन शिडीवरच. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल शिडीच्या उभ्या दांड्याबाहेर गेलं, की खाली उतरून शिडी सरकवा. नेमका इथेच आळस होतो. वायरींजवळ ॲल्युमिनियमची शिडी नकोच.