जुने गोवे आधी, पणजी मागाहून

गोव्याला पहिल्यांदा जाणारी मराठी मंडळी बहुधा पणजीच्या आसपास मुक्काम ठोकतात, दोन-तीन दिवस समुद्रकिनारे करतात आणि परतीच्या दिवशी गाडीला अवकाश असेल तर जुने गोवे ‘उरकून’ घेतात. पंधरा वर्षांपूर्वी आम्हीही तसेच केले होते आणि त्या भेटीतून एक पांढरी इमारत, एक तांबडी इमारत आणि डोके भणाणून टाकणारे दुपारचे ऊन एवढेच लक्षात राहिले होते. यंदा जानेवारीत मी, पत्नी आणि पंचाहत्तरीच्या घरातली माझी आत्या असे तिघे निघालो, तेव्हा पणजीच्या मळा भागात राहणाऱ्या मावसभावाने फोनवर बजावले, “दादा, या खेपेला आधी जुने गोवे आणि मग पणजी. तिथले काय काय हरवले ते पाहिल्याशिवाय इथे काय आले ते कळत नाही.” चार दिवस फिरल्यावर त्याचे म्हणणे मला पुरेपूर पटले, आणि पुढचा वृत्तांत त्याच क्रमाने लिहिला आहे.

कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी सवयीने मडगावचे तिकीट काढू नये. जुने गोवे आणि पणजी या दोन्हींसाठी करमळी हे स्थानक सर्वांत सोयीचे आहे, आणि मांडवी व कोकणकन्या या दोन्ही गाड्या तेथे थांबतात. आम्ही दुपारी चिपळूणला मांडवीत बसलो आणि संध्याकाळी करमळीला उतरलो. स्थानकालगतच करमळीचे मोठे तळे आहे आणि हिवाळ्यात त्यावर पाणपक्ष्यांची गर्दी असते, त्यामुळे सामान घेऊन बाहेर धावत सुटण्याऐवजी दहा मिनिटे थांबावे. स्थानक लहान आहे, बाहेर रिक्षा-टॅक्सी मोजक्याच असतात आणि भाडे मीटरवर ठरत नाही. ते बसण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. एकटा माणूस असेल आणि पाठीवर एकच पिशवी असेल तर ‘पायलट’ करावा. पायलट म्हणजे मोटारसायकलवरून माणसे पोचवणारा परवानाधारक चालक. ही सोय गोव्याची खास आहे आणि अरुंद रस्त्यांवर तिच्याइतके झटपट दुसरे काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही एक चूक केली, आणि ती इतकी सहज होणारी आहे की सविस्तर सांगायला हवी. पणजीच्या कदंब बसस्थानकावर ‘गोवा वेल्हा’ अशी पाटी लावलेली खाजगी बस उभी होती. पोर्तुगीजांनी जुन्या गोव्याला ‘वेल्हा गोवा’ म्हटले हे मी कुठेतरी वाचले होते, म्हणून आम्ही आत्मविश्वासाने चढलो. बस नदी डावीकडे ठेवून पूर्वेला जाण्याऐवजी दक्षिणेला मडगावच्या रस्त्याला लागली, आणि पुष्कळ वेळाने कंडक्टरने आमचे भांबावलेले चेहरे पाहून सांगितले, “हें पोरनें गोंय न्हय, थोरलें गोंय.” शब्दांचा क्रम बदलला की गाव बदलते! गोवा वेल्हा, म्हणजे थोरले गोवे, हे जुवारी नदीच्या काठचे गाव असून गोव्याच्या कदंब राजांची गोपकपट्टण ही राजधानी तेथे होती. पोर्तुगीजांची राजधानी, म्हणजे जुने गोवे, मांडवी नदीच्या काठी वसली. प्राचीन इतिहासाची आवड असेल तर जवळच्या पिळारच्या टेकडीवर कदंबकालीन अवशेष ठेवलेले संग्रहालय आहे, तेथे जाणीवपूर्वक जावे, आमच्यासारखे चुकून नव्हे. आम्ही तिथल्या हॉटेलात भाजी-पाव खाल्ला आणि उलट बस पकडली. जुन्या गोव्याला जाण्याचा सोपा उपाय असा की फोंड्याची बस धरावी, कारण ती जुन्या गोव्यावरूनच जाते.

जुन्या गोव्यात बस हमरस्त्यावर सोडते आणि प्रत्येक जण समोर दिसणाऱ्या चर्चमध्ये शिरतो. तसे न करता आधी सरळ नदीकडे चालत जावे. हे शहर नदीकडे तोंड करून बांधलेले होते. लिस्बनहून आलेला प्रत्येक नवा व्हाईसरॉय मांडवीच्या धक्क्यावर उतरून एका कमानीखालून शहरात प्रवेश करत असे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा स्वतः व्हाईसरॉय असताना, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, पणजोबाच्या स्मरणार्थ ही कमान उभारली गेली. सध्याची कमान 1954 मध्ये पुन्हा बांधलेली आहे, पण नदीच्या बाजूला गामाचा पुतळा पूर्वीसारखाच आहे. कमानीला पाठ करून उभे राहिले की समोर दिवाडीची फेरीबोट ये-जा करताना दिसते आणि मागे, जेथून व्हाईसरॉयची मिरवणूक जायची, तेथे नारळाची झाडे आणि रिकामा रस्ता आहे. एके काळी आशियातल्या मोठ्या शहरांत गणली गेलेली ही वस्ती साथीच्या रोगांनी ओस पडत गेली, 1835 मध्ये मठ बंद झाले आणि 1843 मध्ये राजधानी रीतसर पणजीला गेली. एवढा घटनाक्रम डोक्यात ठेवून माघारी वळावे, म्हणजे पुढची प्रत्येक इमारत वेगळी दिसू लागते.

कमानीजवळच सेंट कॅजेटनचे चर्च आहे, रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर बांधलेले. त्याच्या आवारातील एक दगडी चौकट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ती आदिलशहाच्या राजवाड्याच्या दाराची म्हणून ओळखली जाते, आणि तिच्या काळ्या दगडावरील कोरीवकाम जवळून पाहिले की ते दगड त्याहून आधी एखाद्या मंदिरात असावेत हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. मंदिराचा दगड राजवाड्याला आणि राजवाड्याचे दार चर्चच्या आवारात: या गावाचा सगळा इतिहास त्या चौकटीत उभा आहे. आत्या तेथे बराच वेळ थांबली, चर्चच्या आत मात्र ती दोनच मिनिटे होती.

से कॅथेड्रल प्रचंड आहे. 1562 मध्ये सुरू झालेले काम 1619 मध्ये आटोपले आणि आतील वेद्या पुढे 1652 पर्यंत चालू राहिल्या. दर्शनी भाग एका बाजूला लंगडा वाटतो, कारण दोनपैकी एक मनोरा 1776 मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधलाच नाही. हे चर्च सेंट कॅथरीनला अर्पण केलेले आहे, कारण पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा जिंकला तो 25 नोव्हेंबर हा तिच्या सणाचा दिवस होता. शेजारच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. तेथील व्हाईसरॉयांच्या तसबिरींची रांग मला कंटाळवाणी वाटली, पण कदंबकाळातील वीरगळ पाहण्यासाठी तेथे जायलाच हवे. संग्रहालय शुक्रवारी बंद असते. दिवस ठरवताना हे ध्यानात ठेवावे.

बॉम जेझू बॅसिलिका हमरस्त्याच्या पलीकडे आहे. 1594 मध्ये पाया घातलेली आणि 1605 मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू बाहेरून तांबडी दिसते, कारण तिचा गिलावा 1950 च्या दशकात दुरुस्तीच्या नावाखाली काढून टाकला गेला. आत्याने बाजूच्या भिंतीवर तळहात टेकवला आणि म्हणाली, “अरे, हा तर आपल्या पडवीचाच चिरा!” खरोखर तो जांभाच होता, छिद्राछिद्रांचा, एका छिद्रात शेवाळाचा वाळलेला पोपडा अडकलेला. जांभ्याचे घर असलेल्या कोणत्याही कोकणी माणसाला विचारा, गिलावा काढून असा चिरा गोव्याच्या पावसात उघडा टाकणे म्हणजे काय ते तो सांगेल. दर्शनी भागातील काळा दगड वसईहून आणला होता. आत ख्रिस्ती धर्मप्रसारक सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा देह आहे. ते 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले आणि त्यांचा देह 1554 मध्ये गोव्यात आला. संगमरवरी चबुतरा टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवला व तो 1698 मध्ये बसवला गेला, परंतु त्यावरील चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी 1636-37 मध्ये घडवलेली आहे. लोक इटलीच्या कामाचे कौतुक करतात. माझ्या मते खरे पाहण्यासारखे काम त्या पेटीवरील पट्ट्यांचे आहे. ती उंचावर असल्याने छोटी दुर्बीण जवळ असली तर उत्तम. देह खाली आणून दर्शनासाठी ठेवण्याचा सोहळा साधारण दहा वर्षांनी होतो, आणि अलीकडचा सोहळा 5 जानेवारी 2025 रोजी संपला. दरवर्षीचा सण 3 डिसेंबरला असतो आणि त्याआधीचे नऊ दिवस गर्दीचे असतात. शांतपणे पाहायचे असेल तर ते दिवस टाळावेत. रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना, चालते, त्या वेळी फिरायला म्हणून आत जाऊ नये. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत.

सेंट ऑगस्टीनचा मनोरा शेवटी, ऊन उतरल्यावर पाहावा. चढ फार नाही आणि गाडी वरपर्यंत जाते. येथील चर्च 1602 च्या सुमाराचे. मठ बंद झाल्यावर 1842 मध्ये छप्पर कोसळले, 1931 मध्ये दर्शनी भाग पडला आणि आज 46 मीटर उंचीच्या मनोऱ्याचा उरलेला भाग एकटाच उभा आहे. जॉर्जियाची राणी केतेवान 1624 मध्ये इराणमध्ये मारली गेली, तिचे अवशेष येथे 2005 मध्ये उत्खननात सापडले आणि त्यांचा काही भाग 2021 मध्ये जॉर्जियाला भेट देण्यात आला. जमिनीवर नक्षीदार थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर पाय देऊ नये, ही साधी गोष्ट सहलीला आलेल्या मुलांना कोणी सांगत नव्हते. मनोऱ्यात मात्र घंटा नाही. ती पणजीत आहे.

म्हणून परतताना हमरस्ता सोडून रायबंदरचा जुना नदीकाठचा रस्ता धरावा. रायबंदर आणि पणजी यांना जोडणारा तीनेक किलोमीटरचा बांध व्हाईसरॉय लिन्यारिसच्या कारकिर्दीत 1633-34 मध्ये बांधला गेला, आणि आजही वाहने त्यावरूनच धावतात. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खाजने, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनी, आणि मिठागरे. संध्याकाळी याच रस्त्याने येताना राजधानी कोणत्या वाटेने सरकत गेली ते डोळ्यांना दिसते.

पणजीतील अवर लेडी ऑफ इमॅक्युलेट कन्सेप्शनच्या चर्चसमोर नागमोडी पायऱ्यांवर छायाचित्र काढणाऱ्यांची झुंबड असते. बहुतेक जण तेवढेच करून निघून जातात. त्यांनी मान वर करून घंटा पाहावी: ती ऑगस्टीनच्या मनोऱ्यातली आहे, 1871 मध्ये येथे चढवलेली. आम्ही सायंकाळी पायऱ्यांशी असताना ती वाजली, आणि जुन्या गोव्यात पाहिलेल्या त्या मुक्या मनोऱ्याची आठवण होऊन पत्नी आणि मी एकमेकांकडे पाहिले. नदीकाठच्या आदिलशहाच्या वाड्यात 1759 पासून व्हाईसरॉय राहू लागले. शेजारीच आबे फारिया यांचा पुतळा आहे, संमोहनविद्येचे हे आद्य अभ्यासक 1756 मध्ये कांदोळीला जन्मले. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचन देताना ते गडबडले तेव्हा वडिलांनी हळूच कोंकणीत “ही सगळी भाजी, कातर रे भाजी” असा धीर दिल्याची आख्यायिका मावसभावाने पुतळ्याखाली उभे राहून सांगितली. त्या काठावरच्या कॅसिनोच्या बोटींविषयी मी काही लिहीत नाही.

फोंतेन्हास हा मळ्याला लागून असलेला जुना मोहल्ला आहे. रंगीत भिंती, शिंपल्यांच्या खिडक्या, लाल कौले हे सारे खरे, पण तेथे माणसे राहतात. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर बसून छायाचित्रे काढणाऱ्यांना रहिवासी वैतागले आहेत, आणि ते योग्यच आहे. सकाळी आठच्या आत जावे. त्या वेळी सायकलवरून पोदेर, म्हणजे पाववाला, पाव वाटत असतो आणि गल्ल्या रिकाम्या असतात. सेंट सेबॅस्टियनचे छोटे चॅपल आम्हाला दुपारी बंद मिळाले, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेनंतर गेलो. तेथील क्रूसावरचा ख्रिस्त डोळे उघडे ठेवून आहे. हा क्रूस जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायासनाच्या, वाड्यातला. 1560 मध्ये सुरू झालेले ते न्यायासन 1812 मध्ये बंद झाल्यावर तो आदिलशहाच्या वाड्यात आणि 1918 मध्ये येथे आणला गेला. आत्या मागच्या बाकावर बसून त्याच्याकडे पाहत राहिली आणि बाहेर आल्यावर इतकेच म्हणाली, “याच्यासमोर किती जणांना उभे केले असेल रे.”

ज्यांच्याकडे आणखी एक दिवस आहे, त्यांनी तो नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला द्यावा. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते, ते पोर्तुगीजांनी पाडले. लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेले गेले आणि तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडीची फेरी, बेट ओलांडून पलीकडच्या टोकाला नार्व्याची दुसरी फेरी, असा हा रस्ता आहे. पायी चढणाऱ्या आम्हा तिघांना कोणी तिकीट विचारले नाही. बेटावर वाहन मिळेलच असे नाही, त्यामुळे भाड्याची दुचाकी किंवा गाडी घेऊनच फेरीत चढावे, आणि परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावर उतरताच विचारून घ्यावी. आम्ही ती देवळातून निघताना विचारली आणि मग आत्याला घेऊन धक्क्यापर्यंत जवळजवळ धावावे लागले.